दीक्षित वाडा : एका सॉलिसिटरचे शिर्डीतील घर

शिर्डीच्या मंदिर परिसरात आलेला भाविक समाधी मंदिर, द्वारकामाई, चावडी आणि गुरुस्थान यांच्यापुढे मस्तक नमवतो आणि गर्दीबरोबर पुढे सरकतो. याच परिसरात दीक्षित वाडा नावाची एक वास्तू आहे. तिच्यासमोर रांग लागत नाही आणि हार-फुलेही वाहिली जात नाहीत. वाड्याच्या नावातले दीक्षित कोण, हा प्रश्नही फारसा कोणी विचारत नाही. मात्र साईबाबांच्या हयातीत शिर्डीला आलेल्या असंख्य माणसांनी याच वाड्यात पाठ टेकली होती. समाधी मंदिराची पहिली कल्पना याच वाड्याच्या माडीवर रुजली. मुंबईतील एका नामांकित कायदेपंडिताने तो स्वतःसाठी बांधायला घेतला, पण बांधून होईपर्यंत तो सर्वांचा झाला होता.

हरि सीताराम दीक्षित, म्हणजेच काकासाहेब दीक्षित, यांचा जन्म १८६४ साली खांडवा येथे वडनगरा नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. खांडवा आणि हिंगणघाट येथे त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले, तर नागपुरात माध्यमिक. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले. तेथे प्रथम विल्सन आणि नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८८३ साली ते पदवीधर झाले. कायद्याची आणि सॉलिसिटरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सरकारी कामे पाहणाऱ्या लिटल आणि कंपनी या पेढीत त्यांनी उमेदवारी केली आणि काही काळाने स्वतःची पेढी काढली.

तो काळ मुंबईत वकिली व्यवसायाच्या वैभवाचा होता. इंग्रजी कायद्यावर प्रभुत्व, नेमके बोलणे आणि अशिलाचा विश्वास या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी होत्या, त्याला पैसा आणि प्रतिष्ठा या दोन्हींची वाण पडत नसे. दीक्षितांच्या बाबतीत तसेच घडले. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात त्यांनी स्थान मिळवले. सरकारदरबारी मान आणि सार्वजनिक कामात नाव झाले. पार्ल्यात घर होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हवे ते सारे त्यांच्या पदरात पडलेले होते.

या सुस्थिर आयुष्याला पहिला धक्का परदेशात बसला. १९०६ साली इंग्लंडमध्ये असताना लंडनला आगगाडीत चढताना त्यांचा पाय घसरला आणि त्याला गंभीर दुखापत झाली. उपचार पुष्कळ झाले, तरी पाय पूर्ववत झाला नाही आणि चालण्यात लंगडेपणा कायमचा राहिला. व्यवसायाला त्याने बाध आला नाही. परंतु सदैव ताठ चालण्याची सवय असलेल्या माणसाच्या मनात हे व्यंग सलत राहिले. या काळापर्यंत साईबाबांचे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

ते नाव त्यांनी ऐकले लोणावळ्यात. जुने स्नेही नानासाहेब चांदोरकर यांची आणि त्यांची तेथे गाठ पडली. चांदोरकर हे महसूल खात्यातील अधिकारी आणि साईबाबांचे निष्ठावंत भक्त. बोलता बोलता पायाचा विषय निघाला आणि चांदोरकरांनी शिर्डीच्या फकिराची हकीकत सांगितली. दीक्षितांनी ती मन लावून ऐकली. मात्र त्यांच्या मनात पायाची मागणी उरली नाही. शरीर नाशिवंत आहे, त्याचे दुखणे राहिले तरी चालेल, पण मनाचे पांगळेपण जावे, असा विचार त्यांच्या मनाने घेतला. पुढे बाबांपुढे त्यांनी मागितले ते हेच.

शिर्डीला जाण्याचा योग नगरमुळे जुळून आला. कायदेमंडळाच्या निवडणुकीच्या निमित्ताने दीक्षित अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले होते. मुक्काम होता सरदार काकासाहेब मिरीकर यांच्याकडे. मिरीकरांचे चिरंजीव बाळासाहेब हे कोपरगावचे मामलेदार. घोड्यांच्या प्रदर्शनासाठी तेही त्या वेळी नगरलाच होते. निवडणुकीचे काम आटोपल्यावर दीक्षितांनी शिर्डीला जाण्याची इच्छा बोलून दाखवली. पाहुण्याबरोबर कोणाला धाडावे, याचा विचार मिरीकर पितापुत्र करू लागले. योगायोग असा, की बाबांचे अत्यंत निकटचे भक्त माधवराव देशपांडे, म्हणजेच शामा, सासूच्या आजारपणामुळे त्याच वेळी नगरला आलेले होते. त्यांना बोलावणे गेले.

मिरीकरांच्या घरी त्या वेळी बाबांची एक मोठी तसबीर होती. काच फुटल्याने ती दुरुस्तीसाठी शिर्डीहून नगरला आली होती. दुरुस्ती झालेली ती तसबीर शामांच्या हाती परत पाठवायचे ठरले. शिर्डीत पाऊल ठेवण्याआधी दीक्षितांना बाबांचे पहिले दर्शन घडले, ते नगरच्या या घरात. रात्री दहाच्या गाडीने दोघे निघाले. दुसऱ्या वर्गाचा डबा खच्चून भरलेला होता, पण गाडीचा गार्ड दीक्षितांच्या ओळखीचा निघाला आणि त्याने दोघांना पहिल्या वर्गात बसवून दिले. कोपरगावला उतरतात तो समोर चांदोरकर उभे. गोदावरीत स्नान करून मंडळी शिर्डीस पोहोचली. तो दिवस होता २ नोव्हेंबर १९०९.

आजच्या शिर्डीवरून त्या शिर्डीची कल्पना येणार नाही. आता शिर्डीला रेल्वे स्थानक आहे आणि २०१७ पासून जवळच काकडीला विमानतळही आहे. त्या वेळी कोपरगावला उतरून गोदावरी ओलांडायची आणि सात-आठ कोसांच्या आतले अंतर टांग्याने किंवा बैलगाडीने तोडायचे, असा प्रवास होता. गाव लहान, घरे मातीची. एका पडक्या मशिदीत बाबांचा मुक्काम असे. तिलाच ते द्वारकामाई म्हणत. नाव दूरवर पोहोचू लागले होते आणि मुंबई, पुणे, नागपूर, वऱ्हाड येथून माणसे येऊ लागली होती. पण आलेल्याने राहायचे कोठे, हा प्रश्न होता. १९०८ साली हरि विनायक साठे यांनी कडुनिंबाच्या झाडाभोवती एक वाडा बांधला होता. उतरण्याजोगी जागा काय ती तेवढीच. गर्दीच्या दिवसांत तीही अपुरी पडे.

पहिल्या भेटीनंतर दीक्षितांची शिर्डीला येजा वाढली. येथे आपले बिऱ्हाड असावे, असे त्यांना वाटू लागले. जवळचे काही शेअर विकून येणाऱ्या पैशातून जागा उभी करण्याचे त्यांनी ठरवले. आरंभीचा विचार अगदी साध्या निवाऱ्याचा होता. तो वाढत जाऊन वाड्याची योजना आकाराला आली. बाबांची अनुज्ञा मिळाली आणि १० डिसेंबर १९१० रोजी पाया घातला गेला. साईसच्चरितात त्या दिवसाच्या आणखी दोन घटना नोंदल्या आहेत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना घरी परतण्याची परवानगी मिळाली आणि चावडीतील रात्रीच्या आरतीस प्रारंभ झाला. काही महिन्यांतच बांधकाम पुरे झाले. १९११ च्या रामनवमीला विधिपूर्वक वास्तुप्रवेश झाला.

आता या वाड्याचा मालक कोठे राहिला, ते पाहण्यासारखे आहे. माडीवरची एक लहानशी खोली दीक्षितांनी स्वतःसाठी ठेवली. बाकीचा वाडा येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांसाठी मोकळा केला. मुंबईत ज्याच्या भेटीसाठी अशिलांना वेळ ठरवून यावे लागे, त्याच्या शिर्डीच्या घरात कोणीही वळकटी टाकावी, अशी रीत पडली. घर बांधणारा माणूस सामान्यतः दारे आणि कुलपे यांचा विचार आधी करतो. दीक्षितांनी विचार केला तो आपल्याला कमीत कमी किती जागा पुरेल याचा. दुखऱ्या पायाने जिना चढून माडीवर जायचे त्यांनी पत्करले आणि खालची सोयीची जागा पाहुण्यांना दिली.

वाड्याला लवकरच स्वतःची दिनचर्या लाभली. बाबांच्या सांगण्यावरून दीक्षित दिवसा एकनाथी भागवत आणि रात्री भावार्थ रामायण वाचत. मुक्कामाला असलेली मंडळी श्रवणाला बसत. खापर्डे १९११ च्या डिसेंबरात पुन्हा शिर्डीला आले आणि १९१२ च्या मार्चपर्यंत राहिले. त्यांचे नेते लोकमान्य टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. खापर्ड्यांनी त्या मुक्कामाची रोजनिशी लिहिली आहे. रात्री भीष्मांचे भजन आणि दीक्षितांचे रामायण झाल्याच्या नोंदी तिच्यात पुनःपुन्हा येतात. राजकारणी, मामलेदार, न्यायाधीश, कीर्तनकार आणि खेड्यातले शेतकरी एका छपराखाली बसून नाथांच्या ओव्या ऐकत होते.

वाचन हे दीक्षितांसाठी पोथीचे पान उलटण्यापुरते नव्हते. एके दिवशी भागवताच्या दुसऱ्या अध्यायातील नऊ योग्यांचे भक्तिवर्णन वाचून ते खिन्न झाले. अशी भक्ती या जन्मी आपल्याला साधणे शक्य नाही, असे त्यांना वाटले. ही व्यथा त्यांनी शामांजवळ बोलून दाखवली. बाबांसारखा आधार लाभलेला असताना असे हताश होणे शामांना पटले नाही. तरीही दीक्षितांची तळमळ शमली नाही. दुसऱ्या दिवशी आनंदराव पाखाडे नावाचे भक्त आले आणि त्यांनी आपले स्वप्न सांगितले. त्या स्वप्नात बाबांच्या चरणांना वंदन करण्याचा संकेत होता. ते ऐकल्यावर दीक्षितांच्या मनाचे समाधान झाले, असे साईसच्चरित सांगते. न्यायालयात पुरावा तोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या श्रद्धेलाही इतक्या कठोरपणे तपासावे, हे या प्रसंगाचे मर्म आहे.

त्यांच्या आज्ञाधारकपणाचा कस पाहणारी आणखी एक कथा प्रसिद्ध आहे. मशिदीत एक मरणोन्मुख बोकड आणला गेला होता. त्याला मारण्यास बाबांनी एकामागून एक भक्तांना सांगितले. काहींनी टाळाटाळ केली. अखेर ते काम दीक्षितांकडे आले. जन्मभर शाकाहारात वाढलेल्या या ब्राह्मणाने साठे वाड्यातून सुरी आणली, हात उगारला आणि बाबांच्या शेवटच्या शब्दाची वाट पाहिली. तेव्हा बाबांनीच त्यांना थांबवले. गुरूची आज्ञा हाच आपला विचार आणि विवेक, अशी त्यांची भूमिका होती. आजच्या वाचकाला ती पटेल वा न पटेल, पण बुद्धीच्या बळावर मोठा झालेला हा माणूस आपला अहंकार कोठवर उतरवायला तयार होता, ते तीतून दिसते.

या निष्ठेची किंमत त्यांनी मोजली. एका काळात सलग नऊ महिने ते शिर्डीतच राहिले. सॉलिसिटरचा व्यवसाय गैरहजेरीत चालत नाही. अशिले दुसरीकडे वळली आणि प्राप्ती ओसरली. मुंबईतील स्नेह्यांना ही उतरती कळा वाटली. दीक्षितांनी मात्र तिच्याबद्दल खंत केली नाही.

पैशापेक्षा मोठा आघातही त्यांना शिर्डीतच सोसावा लागला. त्यांची आठ वर्षांची मुलगी येथे तापाने आजारी पडली आणि गेली. बाबांच्या सान्निध्यात घर बांधले म्हणजे दुःख उंबऱ्याबाहेर थांबेल, अशी समजूत असती तर ती त्या दिवशी मोडली असती. दीक्षितांनी शिर्डी सोडली नाही, वाडा विकला नाही आणि पोथीचे वाचनही थांबवले नाही. पायाऐवजी मनाचे पांगळेपण जावे, ही पहिल्या दिवशीची मागणी किती खरी होती, याची कसोटी हीच होती.

शिर्डीच्या इतिहासाला वळण देणारी घटना पुढे याच वाड्यात घडली. नागपूरचे धनाढ्य बापूसाहेब बुटी आणि शामा हे दोघे एकदा दीक्षित वाड्याच्या माडीवर झोपले होते. बुटींना स्वप्न पडले, की बाबा त्यांना मंदिरासह वाडा बांधण्यास सांगत आहेत. जागे होऊन पाहतात तो शामांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनाही तेच स्वप्न पडले होते. दोघांनी मिळून आराखडा काढला. तो दीक्षितांनी पाहून पसंत केला आणि बाबांनी मान्यता दिली. बांधकामावर आधी शामांनी आणि नंतर बापूसाहेब जोगांनी देखरेख केली. मधल्या गाभाऱ्यात मुरलीधराची मूर्ती बसवायची, असा बेत होता. दगडी वाडा उभा राहू लागला.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी विजयादशमी होती. बाबांची प्रकृती काही दिवसांपासून ढासळली होती. दुपारी त्यांनी जवळ बसलेल्या मंडळींना वाड्यात जाऊन जेवून येण्यास सांगितले. दीक्षित आणि बुटी त्यांच्यात होते. दोघांचेही पाय निघत नव्हते, पण आज्ञा मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते उठले आणि जेवायला गेले. पाने पुरी होण्याआधीच बाबांनी देह ठेवल्याची वार्ता आली. ज्यांच्यासाठी मुंबई दुरावली, त्यांच्या अखेरच्या क्षणी दीक्षित जवळ नव्हते, आणि तेही त्यांच्याच आज्ञेवरून. या गोष्टीचा सल त्यांना किती काळ राहिला असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

देह कोठे ठेवावा, यावरून गावात मतभेद झाले. मोकळ्या जागेत दफन करून कबर बांधावी, असे मुस्लिम भक्तांचे म्हणणे होते, तर बुटी वाड्यातच समाधी व्हावी, असा इतरांचा आग्रह होता. मामलेदारांच्या उपस्थितीत कौल घेतला गेला आणि बहुमत वाड्याच्या बाजूने पडले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मुरलीधरासाठी राखलेल्या गाभाऱ्यात बाबांना समाधी देण्यात आली. बुटींचा वाडा समाधी मंदिर झाला. दीक्षित वाड्याच्या माडीवर पडलेले स्वप्न कोणालाही अपेक्षित नव्हते अशा रीतीने पूर्ण झाले.

बाबांच्या मागे काय, हा प्रश्न आता उभा राहिला. भक्त अनेक, मते अनेक, आणि व्यवस्था कोणतीच नाही. येथे दीक्षितांच्या आयुष्यातले दोन प्रवाह एकत्र आले. भक्तीने त्यांना शिर्डीला आणले होते आणि कायद्याने त्यांना माणसे व मालमत्ता यांची घडी बसवायला शिकवले होते. १९२२ साली अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयामार्फत संस्थानाच्या कारभाराची योजना तयार झाली. त्या उभारणीत दीक्षितांचा वाटा मोठा होता. मानद चिटणीस म्हणून त्यांनी कामाचा भार वाहिला. १९२३ साली श्रीसाईलीला हे मासिक सुरू झाले. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजेच हेमाडपंत, यांचे साईसच्चरित त्यातून क्रमशः वाचकांपुढे येऊ लागले. दाभोलकरांनी शिर्डीला प्रथम जावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांत चांदोरकरांबरोबर दीक्षितही होते. या ओवीबद्ध ग्रंथाचा उपोद्घातही त्यांच्याच लेखणीतून उतरला आहे. ग्रंथ पुस्तकरूपाने १९२९ साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास मात्र दीक्षित नव्हते.

५ जुलै १९२६, एकादशीचा दिवस. दीक्षित आणि हेमाडपंत मुंबईत आगगाडीने प्रवास करत होते. नेहमीप्रमाणे बोलणे बाबांविषयीच चालले होते. बोलता बोलता दीक्षितांनी मान हेमाडपंतांच्या खांद्यावर टाकली आणि प्राण सोडला. दुखणे नाही, यातना नाहीत. बाबांनी त्यांना विमानातून नेण्याचे वचन दिले होते, ते असे पुरे झाले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. वीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये आगगाडीत चढताना घसरलेल्या पायाने त्यांचे आयुष्य एका वाटेला लागले होते. त्या वाटेचा शेवटही आगगाडीतच झाला.

दीक्षितांच्या मागे वाडा राहिला. ज्याच्या पलीकडे फारशी उतरण्याची सोय नव्हती, त्या शिर्डीत पुढे धर्मशाळा, भक्तनिवास आणि हॉटेले उभी राहिली. साठे वाडा काळाच्या ओघात नाहीसा झाला. बुटी वाड्याला मंदिराचे रूप आले. दीक्षित वाडा मात्र आपल्या मूळ नावाने टिकला. तो संस्थानाच्या परिसराचा भाग झाला आणि बाबांच्या वापरातील वस्तूंचे संग्रहालय पुढे त्यात मांडण्यात आले.

मोठ्या माणसांची घरे बहुधा त्यांच्या वंशजांमुळे किंवा त्यांच्या वैभवामुळे लक्षात राहतात. दीक्षित वाड्याच्या बाबतीत दोन्ही कारणे लागू नाहीत. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर जागेची मालकी एकाची असते आणि वहिवाट दुसऱ्याची असू शकते. या वाड्याची मालकी कागदावर दीक्षितांची होती, पण वहिवाट पहिल्या दिवसापासून वाटसरूंची होती, आणि कायद्याचा हा जाणकार ती आनंदाने मान्य करून माडीवरच्या एका खोलीत राहिला. मंदिर परिसरात दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्याने क्षणभर या वास्तूकडे मान वळवली, तर त्या खोलीचीही आठवण होईल.